अर्ध्या तासाचे सूत

बेळगावच्या टिळकवाडीत ज्यांचे जाणेयेणे आहे, त्यांना 'काँग्रेस विहीर' ठाऊक असते. १९२४ च्या डिसेंबर महिन्यात २६ व २७ तारखांना या गावी राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, महात्मा गांधी त्याचे अध्यक्ष होते आणि हे अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात तेवढे एकदाच भूषविले, हे आपल्या भागातील शाळकरी मुलेही सांगतील. त्याच अधिवेशनात मान्य झालेल्या एका गोष्टीची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. सभासदाने चार आणे वर्गणी भरण्याऐवजी दरमहा दोन हजार वार सूत द्यावे, असे तेथे ठरले होते. महिन्याला २,००० वार म्हणजे दिवसाला सुमारे ६७ वार. त्याच वर्षीच्या जून महिन्यात पदाधिकाऱ्यांसाठी रोज अर्धा तास कातण्याचा नियम झाला होता. सुताचे हे माप त्या अर्ध्या तासाच्या हिशेबानेच आलेले होते.

या नियमाची एक गंमत अशी की, त्यात माप ठरलेले होते आणि वेळ ठरलेली होती. त्या सुताचे पुढे धोतर होणार की पंचा, याची चिंता कातणाऱ्याने करावयाची नव्हती. आजचा अर्धा तास, आजचे सदुसष्ट वार, एवढेच त्याच्या अंगावर. पण ठरावात एक पळवाटही होती. आजार, अनिच्छा किंवा तशाच काही कारणाने ज्याला स्वतः कातणे जमत नसेल, त्याने दुसऱ्याकडून कातवून घेतलेले सूत दिले तरी चालणार होते. व्हायचे तेच झाले. अनेकांनी सूत विकत घेतले आणि भरले. १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्यास नियम बदलला आणि चार आणे किंवा स्वतः कातलेले सूत, असा पर्याय ठेवण्यात आला. नेम मोडला तो माप जड होते म्हणून मोडला की हात दुसऱ्याचा चालत होता म्हणून, याचा विचार ज्याने त्याने करावा. आमचे मत दुसऱ्या कारणाकडे झुकते.

हे सारे आठवण्याचे कारण चरखा नव्हे, लेखणी आहे. या सदराच्या वाचकांकडून येणाऱ्या पत्रांत एक वाक्य निरनिराळ्या शब्दांत नेहमी भेटते: "लिहावेसे फार वाटते, पण काय लिहावे, कोठून सुरुवात करावी, हे एकदा नीट ठरले म्हणजे बसू." मग एक चांगली जाड वही आणली जाते. पहिल्या पानावर प्रकरणांची यादी होते: बालपण, शाळा, आजोळ, लग्न, नोकरी. यादी दोनदा बदलते. त्यानंतर वही कपाटात जाते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत बाहेर येते. यादी करण्यात गैर काही नाही. पण पुष्कळदा यादी झाली म्हणजे काम झाल्याचे समाधान मिळते आणि काम तेथेच थांबते.

यावर एक जुनाच उपाय आहे. विषय मोकळा सोडावा आणि माप बांधून घ्यावे. रोज एक पान, किंवा रोज अर्धा तास. आज काय येईल ते आज. उद्याचे उद्या. आपल्याकडे 'नेम' हा शब्द याच गोष्टीसाठी आहे. चातुर्मासात आपल्या घरांतील बायका नेम धरीत, तेव्हा चार महिन्यांचा आराखडा कोणी काढीत नसे. रोज एक वात, रोज एक प्रदक्षिणा, रोज पोथीचा एक अध्याय. रामनामाची वही लिहिणारे आजोबा तर पुष्कळांनी पाहिले असतील. नित्य लेखनाविषयीचा समर्थांचा उपदेश मराठी घरांना पाठच आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनी लेखनक्रियेसाठीच दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळींमध्ये अंतर किती असावे, आरंभापासून अखेरीपर्यंत एकाच हाताचे वळण कसे टिकावे, अशा अगदी हातच्या गोष्टी त्यात आहेत. थोर विषय सुचण्याची वाट पाहा, असे समर्थ तेथे सांगत नाहीत.

पण नेमाने लिहिलेले, आधी न आखलेले लेखन टिकाऊ होते काय, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच आहे.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहायला घेतली ती नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, गुरुवारी. १३ फेब्रुवारीच्या सोमवारी पहाटे ते लेखन हातावेगळे झाले होते. पुढे काही भर पडली, १९३५ साली पुस्तक निघाले. पण मुख्य भाग त्या पाच दिवसांचा. दिवसा तुरुंगाचे काम आणि उरल्या वेळात व रात्री लेखन, असा तो क्रम होता. आता, पाच दिवसांत एवढे लिहून झाले याचे श्रेय केवळ प्रतिभेला देऊन मोकळे होणे सोपे आहे. पुस्तकाची घडण पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्या पुस्तकात प्रकरणे नाहीत, 'रात्री' आहेत. प्रत्येक रात्र आपल्या जागी पुरी आहे. एका रात्री एक आठवण, तिचा आरंभ आणि शेवट त्याच रात्री. कालच्या रात्रीला पुढे ओढण्याचे ओझे आजच्या रात्रीवर नाही. ज्याला सर्व आधी न ठरवता रोज लिहावयाचे आहे, त्याने ही घडण नीट पाहून ठेवावी. रोजचा तुकडा रोज पुरा होत असेल, तर संपूर्ण आराखड्यावाचूनही ग्रंथ उभा राहू शकतो.

आणखी एक गोष्ट. आदल्याच वर्षी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली, ती साने गुरुजींनीच टिपून घेतली होती. 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली ती त्यामुळे. सतत चालणारा हात ऐन वेळी एकदम मिळत नाही. तो आधी कोठेतरी राबलेला असतो.

विनोबांचे स्वतःचे उदाहरण दुसऱ्या प्रकारचे आहे. आईला संस्कृत गीता समजत नसे, म्हणून तिच्यासाठी मराठी गीता व्हावी, ही जुनी इच्छा. 'गीताई'चे काम त्यांनी ७ ऑक्टोबर १९३० रोजी आरंभिले आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी संपविले. दिवस मोजले तर १२३ भरतात, श्लोक ७००. म्हणजे सरासरीने दिवसाला सहाही श्लोक होत नाहीत. येथे वाट गीतेनेच आखून दिलेली होती, चालायचे तेवढे रोज होते. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून काढले ते २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या पाच महिन्यांत. पण त्यामागे कित्येक वर्षांचे मनन होते. सिद्धान्त मांडावयाचा असेल, इतिहास लिहावयाचा असेल, पूर्वपक्ष-उत्तरपक्ष करावयाचा असेल, तर आधी आखणी हवीच. ती टाळून कोणी नुसत्या नेमावर विसंबला, तर तो फसेल. आम्ही ज्या लेखनाविषयी बोलत आहो ते घरचे, आठवणींचे, रोजच्या जगण्याचे लेखन आहे. तेथे आखणी पुष्कळदा वाटेतला धोंडा ठरते. कारण आपल्याला काय आठवणार आहे, हेच आधी ठाऊक नसते. ते लिहिताना आठवते.

जहाजावर लिहिलेल्या एका पुस्तकाचेही उदाहरण येथे देण्याजोगे आहे. १९०९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना 'किल्डोनन कॅसल' या बोटीवर गांधीजींनी 'हिंद स्वराज' गुजरातीत लिहिले. १३ ते २२ तारखांपर्यंत, दहा दिवसांत. उजवा हात थकला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून आठवड्याच्या आठवड्याला दिल्या. 'पण लक्षात कोण घेतो?' ही अशीच क्रमशः वाचकांपुढे आली. पण हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. हप्त्याहप्त्याने लिहिणाऱ्याच्या वाटेतला हा धोका खरा आहे. अर्ध्या वाटेवर सुटलेली कादंबरी अपुरीच राहते. पण रोजचे पान आपल्यापुरते पुरे असेल, तर विसाव्या दिवशी नेम सुटला तरी एकोणीस पाने शिल्लक राहतात आणि त्यांतले एकही फुकट जात नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हे स्त्रीवाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे असे उदाहरण आहे. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण असे नव्हते. रेव्हरंड टिळकांच्या चरित्रासाठी चिरंजीवांनी आठवणी मागितल्या, त्या लिहिता लिहिता वाढल्या, साप्ताहिकातून येऊ लागल्या आणि १९३४ साली त्यांचा पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला. आपण मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहीत आहो, असा संकल्प सोडून त्या बसल्या नव्हत्या. त्यांनी बोलतात तसे लिहिले. 'आमची भाषा शुद्ध नाही, आम्हांला लिहिता येत नाही' असे म्हणणाऱ्या आमच्या भगिनींनी हे पुस्तक घरात ठेवावे.

आता आपल्या भागाकडे येऊ. जी. ए. कुलकर्णी हे बेळगाव जिल्ह्यातले. इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून त्यांची हयात धारवाडला गेली. त्यांच्या कथांची बांधणी किती जाणीवपूर्वक केलेली आहे, हे वाचक जाणतात. पण १९८७ साली ते गेल्यावर त्यांच्या निवडक पत्रांचे खंड प्रसिद्ध झाले, आणि एका अबोल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाचे मोकळे, मिस्कील, चौफेर वाचणारे मन लोकांना दिसले. ती पत्रे ग्रंथ होण्यासाठी लिहिलेली नव्हती. पत्र आले, उत्तर लिहिले, एवढाच त्यांचा आराखडा.

निपाणीचे महादेव मोरे यांचे उदाहरण तर आणखी जवळचे. पिठाची गिरणी चालवून पोट भरणारा हा लेखक. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, गॅरेजमधली पोरे, गाड्यांवरचे चालक, बाजाराचा दिवस, हे सारे त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत त्यांच्या त्यांच्या बोलीसह आले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. लिहिण्यासाठी निवांत खोली आणि मोकळा दिवस लागतो, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी निपाणीच्या त्या गिरणीचे स्मरण करावे.

याच निपाणीत विड्या वळणाऱ्या बायांची मजुरी हजारावर मोजतात. त्यांचे काम गरजेचे आहे, त्यात पाठ मोडते, आणि हौसेच्या लेखनाशी त्याची तुलना करणे त्यांच्यावर अन्याय करणे होईल. तरीही एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. सुपात पुढे किती पाने पडली आहेत याकडे त्या पाहत नाहीत. हातातली विडी पाहतात. शहापूर-वडगावचा विणकरही तसाच. तो ताणा आधी भरतो, बाणा मात्र एकेक धावेनेच पडतो. नेमाच्या लेखनात ताणा म्हणजे वेळ आणि माप. तो घट्ट हवा. बाण्याचा रंग रोजच्या दिवसाने पुरवावा.

बाहेरच्या जगातही असे प्रयोग झाले. १९९९ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोकडे एकवीस हौशी मंडळींनी एका महिन्यात कादंबरी लिहिण्याची पैज घेतली. पुढे तो नोव्हेंबर महिन्याचा वार्षिक परिपाठ झाला. महिन्यात पन्नास हजार शब्द, म्हणजे दिवसाला सोळाशे सदुसष्ट. जगभर लाखो लोक त्यात उतरले. २०२५ साली ती संस्था बंद होत असल्याचे जाहीर झाले. आमच्या घरांसाठी ते माप फार मोठे आहे असे आम्हांला वाटते. दिवसाला सोळाशे शब्द लिहिण्यास निघालेला मनुष्य चौथ्या दिवशी दमतो, आणि पाचव्या दिवशी स्वतःवर रागावून वही मिटतो. शंभर-दीडशे शब्द पुष्कळ झाले. महिन्याचे तीन-चार हजार होतात, वर्षाचा एक लहानसा ग्रंथ होतो.

आता एवढा आग्रह कशासाठी, हे सांगितले पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या भाषेविषयी सभा झाल्या, मोर्चे झाले, माणसांनी तुरुंगवास सोसला. तो इतिहास प्रत्येक घराला ठाऊक आहे. बेळगावच्या आसपास कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांतून गावकऱ्यांनी मराठी साहित्यसंमेलने भरविली, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या लोकांनीही शिकण्याजोगी आहे. पण सभा सुटल्यावर घरात काय चालते? नात इंग्रजी किंवा कन्नड माध्यमाच्या शाळेत जाते. ती आजीशी मराठीत बोलते, मराठी मालिका पाहते. आजीचे हस्ताक्षर मात्र तिला वाचता येत नाही. मुलगा बंगळूरला आहे, तो फोनवर तासभर मराठीत बोलतो. चार ओळी लिहायच्या म्हटले की इंग्रजीकडे वळतो. पूर्वी पत्रे होती. "सप्रेम नमस्कार वि. वि." लिहिताना निदान महिन्यातून दोनदा तरी हाताला मराठी अक्षरांचे वळण होत असे. ते गेले. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आमच्या वाचकांच्या घरीही हीच कथा असेल, फक्त शेजारची भाषा निराळी. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आम्हांलाही झाला. पण त्या दर्जाने कोणाच्या घरातली वही भरत नाही. जी भाषा घरात केवळ बोलली जाते आणि लिहिली जात नाही, ती एका पिढीत स्वयंपाकघरापुरती उरते.

येथे सूत विकत घेण्याची गोष्ट पुन्हा आठवते. भाषेचे काम आपल्या वतीने संमेलनाने करावे, वृत्तपत्राने करावे, समितीने करावे, आणि आपण वर्गणी द्यावी, ही सोय मनाला बरी वाटते. ही सारी कामे आवश्यक आहेत, आणि ती करणाऱ्यांचे आपण ऋणी आहो. पण वही ज्याची त्यालाच लिहावी लागते.

ज्यांना नेम धरावयाचा असेल त्यांच्यासाठी आम्ही चार गोष्टी सुचवितो. पहिली: माप एवढे लहान ठेवावे की पाहुणे आले, वीज गेली, अंगात कणकण आली, तरी ते पुरे व्हावे. दुसरी: वेळ दिवसाच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधावी, सकाळच्या चहानंतर, किंवा देवापुढे दिवा लावल्यावर. तिसरी: महिना संपेपर्यंत मागचे पान वाचू नये, खोडू नये, शुद्धलेखनासाठी अडू नये. बेळगावकडची मराठी लिहिताना कन्नड शब्द आला तर येऊ द्यावा. अण्णा, अक्का आणि अडकित्ता या मंडळींना कोणी परके म्हणून बाहेर काढले नाही, मग इतरांनाच का काढावे? चौथी: एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पाने लिहून भरपाई करू नये. चुकलेला दिवस कोरा सोडावा आणि पुढे जावे. भरपाईचे ओझे साचले की नेम मोडतो.

आणि काय लिहावे? आज बाजारात मिरची कशी होती आणि तिखटासाठी आई कोणती मिरची घेत असे. मांडे करताना हातावर पोळी पसरण्याची आत्याची रीत. आजोबांच्या वेळी शेतात तंबाखूचे खुडे कोणत्या महिन्यात होत. मार्कंडेय नदीला पूर आला तेव्हा कोण कोणाकडे राहायला गेले. घरात कन्नड कधी बोलले जाई आणि कोणाशी. कर्जाची गोष्ट, मोडलेल्या लग्नाची गोष्ट, जी बोलायची नाही असे घराने ठरविले होते ती गोष्ट. पहिल्या आठ दिवसांत मिरची आणि हवामान येते. दहाव्या-बाराव्या दिवशी, मनाने सावधपणा सोडला की, आपणही विसरलेले काहीतरी कागदावर येऊन बसते. यादी करून ते कधीच आले नसते. ते पान वाचावे असे घरातल्या कोणाला द्यायचे की नाही, हे लिहिणाऱ्याने नंतर सावकाश ठरवावे.

काही घरांत आज ऐंशी-पंचाऐंशीची माणसे आहेत. त्यांचा हात कापतो, डोळे साथ देत नाहीत. त्यांच्या बाबतीत नेम दोघांचा करावा: त्यांनी रोज दहा मिनिटे सांगावे, नातवाने वा नातीने लिहावे. नातीची जोडाक्षरे चुकतील. चुकू द्यावीत. आजीने सांगितलेले एक वाक्य नातीच्या वाकड्या अक्षरात उतरले, म्हणजे त्या दोघींचाही मराठीचा त्या दिवसाचा अभ्यास झाला.

वही कोणतीही चालते. मागच्या वर्षीच्या शाळेच्या वहीत कोरी पाने उरली असतील तर तीही चालतील. पहिल्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख तेवढी मराठीत घालावी, आणि त्याच दिवशी दुसरे पानही लिहावे. शुभ मुहूर्तासाठी थांबू नये.